पुसण्याआधी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, मग ते म्हापशाच्या बाजारात असो की फोंड्याच्या बसस्थानकाजवळ, एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल, डेटा जाईल.’ फोन सुरू होतो, कंपनीचे नाव दाखवतो, क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तेच नाव दाखवतो. अशा अवस्थेतला फोन काउंटरवर ठेवला की त्याच्याकडे पुरते पाहण्याआधीच हे वाक्य येते आणि फोन घेऊन आलेला माणूस मान डोलावतो, कारण याखेरीज काही शक्य असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुकानदाराची अडचण मी समजू शकतो. गर्दीच्या वेळी एकेका फोनपाशी तास तास बसणे त्याला परवडत नाही, आणि सगळे पुसून नवी सिस्टिम घालणे हा त्याच्या दृष्टीने खात्रीचा मार्ग असतो. तरीही त्या वाक्यातला ‘डेटा जाईल’ हा भाग मला दर वेळी अस्वस्थ करतो. अडकलेले जे फोन माझ्या हातात आले, त्यांतल्या बऱ्याच फोनांमधला डेटा शाबूत होता आणि त्याला हात न लावता फोन सुरू करता येत होता. म्हणून पुसण्याचा उपाय मी अगदी शेवटी ठेवतो, आणि त्याआधी काय काय पाहायचे असते ते विस्ताराने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्याकडे हे फोन येतात ते बहुतेक कस्टम रॉमच्या, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी घातलेल्या दुसऱ्या सिस्टिमच्या, वाटेने. आमच्याकडे घरातला फोन खालच्या पायरीवर उतरत जातो. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे, आणि आईचा आजीकडे. फोनची काच, कॅमेरा, स्पीकर सगळे ठीक असते, बॅटरी बदलून मिळते, पण कंपनीने अपडेट देणे केव्हाच थांबवलेले असते, आणि मग एकेक अ‍ॅप ‘तुमच्या फोनवर चालणार नाही’ असे सांगू लागते. अशा वेळी घरातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिमला जागे करणारा कोड, अनलॉक करते आणि त्यावर लिनिएजओएससारखी दुसरी सिस्टिम घालते. हा खटाटोप मला मनापासून पटतो. चालता फोन कचऱ्यात जाण्यापासून वाचवणे हे एक काम झालेच, शिवाय आपल्या मालकीच्या वस्तूच्या आत काय चालते हे त्या निमित्ताने कळते.

हे शक्य होते त्याला कारण आहे. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, आणि त्याच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीची सिस्टिम यांना जोडणारा भाग, जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. याच आधारावर स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ साली एचटीसी ड्रीम या फोनसाठी सायनोजेनमॉड या रॉमची सुरुवात केली. त्याच वर्षी गूगलने आपली अ‍ॅप्स त्यात घालण्याला हरकत घेतली, आणि तेव्हापासून रॉम वेगळी व गूगलच्या अ‍ॅप्सचे पॅकेज वेगळे अशी पद्धत रुळली. आजही नवशिक्यांना पडणारा ‘प्ले स्टोअर कुठे गेले’ हा प्रश्न तिथून येतो. सायनोजेनमॉडमागची कंपनी २०१६च्या अखेरीस हे काम सोडून मोकळी झाली, पण स्वयंसेवकांनी त्याच डिसेंबरात लिनिएजओएस या नावाने ते पुढे चालू ठेवले. पगाराशिवाय, आपापल्या फोनसाठी रात्री जागून काम करणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुन्हा पुन्हा सुरू होणारा फोन ज्या ठिकाणापर्यंत जाऊन मागे फिरतो, ते ठिकाण नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. जत्रेतल्या नाटकाला पहिली, दुसरी आणि तिसरी घंटा होऊन मगच पडदा वर जातो, तसे फोनच्या सुरू होण्याचेही ठरलेले टप्पे आहेत. बटण दाबल्यावर आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटासा कोड जागा होतो, तो बूटलोडरला बोलावतो, बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो, कर्नल ‘इनिट’ नावाची पहिली प्रक्रिया सुरू करतो, मग निरनिराळी पार्टिशन, म्हणजे साठवणुकीचे वेगवेगळे कप्पे, जोडली जातात आणि शेवटी अँड्रॉइडच्या सेवा एकामागून एक उभ्या राहतात. कंपनीचा स्थिर लोगो दिसतो तो बूटलोडरच्या टप्प्यावर. रॉमचे हलते चित्र दिसू लागले म्हणजे कर्नल उभा राहिला आणि अँड्रॉइडचे काम सुरू झाले.

यावरून बरेच काही ठरवता येते. फोन स्थिर लोगोवरूनच मागे फिरत असेल, तर दोष बहुधा बूट इमेजमध्ये (कर्नल जिच्यात असतो ती फाइल), फर्मवेअरमध्ये (मोडेमसारखे भाग चालवणारा कोड) किंवा व्हेरिफाइड बूटच्या, म्हणजे सिस्टिमवरची सही पाहण्याच्या, तपासणीत असतो. हलते चित्र दिसून ते संपतच नसेल, तर सिस्टिमची एखादी सेवा कोसळत असते, किंवा आधीच्या रॉमचा डेटा नव्या रॉमला पटत नसतो. फोन पूर्ण उघडतो, घड्याळ दिसते आणि मग तो बंद पडतो, असे होत असेल तर एखादे अ‍ॅप, मॅजिस्क या फोनवर पूर्ण ताबा देणाऱ्या साधनाचे एखादे मॉड्यूल किंवा थकलेली बॅटरी यांच्याकडे पाहावे. या तिन्हींत डेटाच्या दृष्टीने सर्वांत कमी घाबरण्यासारखी अवस्था पहिली. लोगोवरून मागे फिरणारा फोन पाहून लोकांना वाटते की सगळेच गेले. प्रत्यक्षात तो डेटाच्या पार्टिशनपर्यंत पोहोचलेलाच नसतो, आणि जिथे तो पोहोचला नाही तिथे त्याने काही बिघडवलेलेही नसते.

गेल्या पावसाळ्यात साखळीहून आलेला एक फोन याच जातीचा होता. आमच्या नात्यातल्या एका काकांचा तो फोन. त्यांच्या पुतण्याने, जो फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, त्यावरची जुनी रॉम काढून दुसरी घातली होती. त्यानंतर फोन लोगोपलीकडे जाईना. एका दुकानात वर लिहिलेले वाक्य ऐकून काकांनी मला फोन लावला.

“फोटो गेले तरी चालतील रे बाबा, ते मुलीकडे आहेत,” ते म्हणाले. “पण त्यात दादाचे अभंग आहेत.”

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे त्या मुलाचे वडील, सप्ताहात भजनाला उभे राहत. काकांनी ते फोनच्या साध्या रेकॉर्डरवर भरून ठेवले होते. भाऊ आता हयात नाहीत. फोटो बहुतेकांच्या फोनमधून आपोआप क्लाउडवर जातात, पण रेकॉर्डरमधला आवाज बहुधा कुठेच जात नाही, तो त्या एका फोनमध्येच राहतो, हे मी यापूर्वीही पाहिले आहे आणि प्रत्येकाला सांगत असतो.

“काका, तुम्ही आता एकही बटण दाबू नका,” मी म्हटले. “कोणालाही रिसेट करू देऊ नका. फोन तसाच घेऊन या.”

पुतण्या बरोबर आला होता. त्याने आपण काय काय केले ते क्रमाने सांगितले, आणि ते जवळजवळ सगळे बरोबर होते. असा तपशील मिळणे फार मोलाचे असते, कारण घाबरलेला माणूस बहुधा निम्म्या पायऱ्या गाळून सांगतो. फोन सुरू केल्यावर बूटलोडर अनलॉक असल्याची सूचना येई, मग लोगो, मग काळा पडदा. रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीसाठी असलेली छोटी सिस्टिम, तीही उघडत नव्हती, आणि मुलाला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. पण तो फोन ए-बी पद्धतीचा होता. या पद्धतीत सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनांच्या दोन प्रती असतात, एक ‘ए’ स्लॉटमध्ये आणि एक ‘बी’मध्ये, चालू सिस्टिम एका स्लॉटवर असते आणि नवी दुसऱ्यावर घातली जाते. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासून ही सोय आली. अशा कित्येक फोनमध्ये रिकव्हरीला स्वतंत्र पार्टिशन नसते, ती बूट इमेजच्याच पोटात असते. तेव्हा बूट इमेज उभी राहत नसेल तर रिकव्हरीही उघडणार नाही, हे ओघानेच आले.

पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र धरल्यावर फास्टबूट, म्हणजे संगणकावरून आज्ञा घेण्याची बूटलोडरची अवस्था, मात्र उघडले. मग आडवा आला तो चार्जिंगचा पोर्ट. संगणक फोन ओळखीना. टॉर्च लावून आत पाहिले तर कोपऱ्यात कापसाचे दाबून बसलेले तंतू आणि एका बाजूच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. आमच्या हवेत हे नेहमीचेच. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तंतू हलकेच काढले, पोर्ट कोरडा केला, चार्जिंगपुरती असलेली केबल बाजूला ठेवून डेटा नेणारी चांगली केबल लावली, आणि ती संगणकाच्या जुन्या यूएसबी दोनच्या पोर्टात घातली, कारण काही संगणकांवर यूएसबी तीनच्या पोर्टातून फास्टबूट नीट चालत नाही. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ ही आज्ञा दिल्यावर पडद्यावर फोनचा अनुक्रमांक एका ओळीत उमटला. ती ओळ दिसली म्हणजे बूटलोडर ठीक आहे, आणि बूटलोडर ठीक असेल तर बहुतेक मार्ग खुले असतात.

चालू स्लॉट कोणता असे विचारल्यावर उत्तर आले ‘बी’. नवी रॉम ‘बी’मध्ये गेली होती, आणि जुनी अजून ‘ए’मध्ये जशीच्या तशी बसून होती. ठरावीक प्रयत्न फसल्यावर बूटलोडरने आपणहून दुसऱ्या स्लॉटकडे वळावे अशी मूळ रचना असते, पण सगळ्या कंपन्यांचे बूटलोडर ती सारखी पाळत नाहीत. त्यामुळे ते हाताने करावे लागले. ‘ए’ स्लॉट चालू करण्याची एक आज्ञा, मग रीबूट. लोगो आला, गेला, आणि त्यामागून जुन्या रॉमचे हलते चित्र आले. ते बराच वेळ चालले. काका पडद्याकडे पाहत एक शब्द न बोलता बसले होते. मग फोनने पिन विचारला आणि त्यांनी तो स्वतः टाकला.

त्यानंतर कोणी कितीही घाई केली असती तरी पहिले काम रेकॉर्डिंग उतरवून घेण्याचेच होते. ती आधी लॅपटॉपवर आणि मग पेनड्राइव्हवर घेतली, आणि दोन्हीकडे वाजवून पाहिली. नुसती फाइल दिसणे पुरेसे नसते.

दोष कुठे होता तेही सापडले. त्या फोनमधला ‘बी’ स्लॉट फारसा कधी वापरलाच गेला नव्हता, आणि त्यातले मोडेम व इतर फर्मवेअर कारखान्यातून आले तेव्हाचे, म्हणजे ‘ए’मधल्यापेक्षा कितीतरी जुने होते. नवी रॉम त्या जुन्या फर्मवेअरवर उभी राहू शकत नव्हती. लिनिएजओएसच्या सूचनांमध्ये यासाठी एक छोटी पायरी दिलेली असते : रॉम घालण्याआधी चालू स्लॉटमधले फर्मवेअर दुसऱ्या स्लॉटमध्ये उतरवून घेणे. ही पायरी वाचताना बिनमहत्त्वाची वाटते, आणि जुन्या फर्मवेअरमुळे फोन पार निकामीही होऊ शकतो असे तिथेच लिहिलेले असते. आम्ही ती केली, डेटा फॉरमॅट केला, आणि नवी रॉम पहिल्याच फटक्यात उघडली.

डेटा फॉरमॅट का करावा लागतो, हे इथे सांगायला हवे, कारण ‘पुसू नका’ असे म्हणत असताना मीच ते केले. एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर जाताना ते जवळजवळ अटळ असते. प्रत्येक रॉमची सिस्टिम अ‍ॅप्स तिच्या स्वतःच्या किल्लीने सही केलेली असतात, आणि जुन्या डेटावर दुसऱ्या सहीची अ‍ॅप्स नांदत नाहीत. शिवाय नव्या फोनमध्ये फाइली कूटबद्ध असतात. अँड्रॉइड दहा घेऊन आलेल्या फोनांवर ते बंधनकारकच झाले. त्या किल्ल्या फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागाशी, बूटलोडर लॉक आहे की अनलॉक याच्याशी आणि सिस्टिमच्या सिक्युरिटी पॅचच्या तारखेशीही बांधलेल्या असतात. त्यामुळे पुढच्या पॅचवरून मागच्या पॅचवर फोन नेला तर डेटा जागेवर असूनही वाचता येत नाही, आणि पिन बरोबर असूनही फोन उघडत नाही. म्हणून मी क्रमाबद्दल आग्रही असतो. आधी जुनी सिस्टिम कशीही करून उभी करायची, डेटा बाहेर काढायचा, आणि मगच टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीमध्ये फॉरमॅटसाठी ‘येस’ हा शब्द टाइप करायचा. तिथे तो शब्द हाताने लिहावा लागतो, ही फार चांगली रीत आहे. तेवढ्या तीन अक्षरांत माणूस थांबू शकतो.

याउलट कित्येक फोनच्या मूळ रिकव्हरीत उमटणारी एक सूचना मला खटकते. अँड्रॉइड सिस्टिम लोड होत नाही, तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो, असे ती इंग्रजीत सांगते आणि खाली दोन पर्याय देते, ‘ट्राय अगेन’ आणि ‘फॅक्टरी डेटा रिसेट’. अँड्रॉइड आठपासून आलेली ‘रेस्क्यू पार्टी’ नावाची यंत्रणा सिस्टिम वारंवार कोसळताना पाहते, आपल्या परीने काही सेटिंग मागे घेऊन बघते, आणि काहीच जमले नाही की फोनला इथे आणून सोडते. त्यातले ‘असू शकतो’ हे शब्द कोणी वाचत नाही. घाबरलेल्या माणसाला वाटते की डेटा खराब झालाच आहे, मग रिसेट केला तर बिघडले कुठे. पुष्कळदा डेटा ठणठणीत असतो, फक्त समोर उभ्या असलेल्या सिस्टिमला त्याचे कुलूप उघडता येत नसते. आपली सिस्टिम परत आणली की ते उघडते.

मॅजिस्कच्या मॉड्यूलमुळे अडकलेला फोन सोडवणे त्या मानाने सोपे. सेफ मोडमध्ये फोन उघडला की मॉड्यूल बंद होतात. तेही जमले नाही तर त्याच आवृत्तीची मूळ बूट इमेज फास्टबूटमधून परत घालावी. अँड्रॉइड तेरा घेऊन आलेल्या फोनवर ती जागा ‘इनिट बूट’ या पार्टिशनने घेतली आहे, एवढे लक्षात ठेवावे. डेटाला यात कुठेही धक्का लागत नाही.

आणि सगळेच दोष सॉफ्टवेअरचे नसतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी हवा असते, ती फोनच्या बटणांना मानवत नाही. पॉवरचे बटण आत दबून राहिले तर फोन सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. आवाजाचे बटण अडकले तर तो आपोआप फास्टबूटमध्ये किंवा रिकव्हरीत जातो. अशा फोनवर रॉममागून रॉम घालून काहीही होणार नाही. म्हणून मी संगणक उघडण्याआधी दोन्ही बटणे बोटाने दाबून पाहतो, त्यांचा ‘टक’ असा आवाज स्वच्छ येतो का ते ऐकतो, फोनचे कव्हर काढतो, आणि मागची बाजू फुगली आहे का ते पाहतो. फुगलेली बॅटरी असेल तर काम तिथेच थांबवावे आणि आधी ती बदलून घ्यावी, यात तडजोड नको.

रॉम बदलण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती आधी सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. बूटलोडर अनलॉक करतानाच फोनमधले सगळे पुसले जाते, त्यामुळे बॅकअप त्याआधीचा हवा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि नेटवर्कची माहिती ज्या पार्टिशनमध्ये असते तिची प्रत काढून ती फोनच्या बाहेर ठेवावी. ती हरवली तर फोन सुरू होऊनही त्याला नेटवर्क मिळत नाही. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडाला की तो परत जोडता येत नाही. जिओसारख्या नेटवर्कवर साधे बोलणेही व्हीओएलटीईवरून, म्हणजे फोरजीच्या डेटावरून, जाते, तेव्हा ज्या रॉममध्ये ते चालत नाही ती आईच्या किंवा आजीच्या फोनवर घालू नये. बँकांची आणि यूपीआयची कित्येक अ‍ॅप्स अनलॉक बूटलोडर पाहून उघडायला नकार देतात. काकांच्याही एका अ‍ॅपने नकार दिला. त्यांना ते आधीच सांगितले होते, आणि वीजबिल त्यांची मुलगी आपल्या फोनवरून भरते, म्हणून त्यांचे अडले नाही. ज्याचे अडेल, त्याचा एकुलता एक फोन मी मूळ सिस्टिमवरच ठेवायला सांगतो.

पुतण्याने जाताना विचारले, “बँकेसाठी बूटलोडर पुन्हा लॉक केला तर?”

बहुतेक फोनवर बूटलोडर लॉक झाल्यावर फक्त कंपनीच्या किल्लीने सही केलेली सिस्टिमच चालते. कस्टम रॉम आत असताना लॉक केले तर व्हेरिफाइड बूट ती नाकारतो, फोन उघडत नाही, आणि लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून दुसरे काही घालताही येत नाही. मघाशी ज्या दारातून आम्ही आत गेलो तेच बंद होते. गूगलच्या पिक्सेलसारख्या थोड्याच फोनवर स्वतःची किल्ली बसवून लॉक करण्याची सोय आहे, आणि ग्राफीनओएस ही रॉम ती वापरते. काकांचा फोन त्यांतला नाही. तेव्हा त्याला सांगितले की लॉक करायचेच असेल तर आधी कंपनीची मूळ सिस्टिम दोन्ही स्लॉटमध्ये पूर्ण घाल, ती एकदा उघडून पाहा, सेटिंगमधला ओईएम अनलॉकचा, म्हणजे बूटलोडर उघडू देण्याचा, पर्याय चालूच राहू दे, आणि लॉक करतानाही सगळे पुसले जाते म्हणून त्याआधी पेनड्राइव्हवरच्या फाइली आणखी एका जागी ठेव. त्याने ते वहीत लिहून घेतले.